पंचगंगेची पातळी आणि संगणकाचें ‘जर-तर’

आषाढ-श्रावणांत पावसानें जोर धरला कीं कोल्हापुरांत घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे ? हा बंधारा कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर आहे, आणि तेथील पातळीवरून पावसाळ्यांतील शहराचा बराचसा व्यवहार ठरतो. ३९ फूट ही इशाऱ्याची पातळी. ४३ फूट ही धोक्याची. नदीकाठच्या गल्लींतील माणसाला हे दोन आंकडे पाठ असतात. ३९ म्हटल्याबरोबर तो खालच्या खोलींतील धान्याचीं पोतीं माळ्यावर चढवितो. ४३ म्हटलें कीं मुलांमाणसांसह नातलगांकडे निघतो. आणि पाणी उतरूं लागेपर्यंत तोच आंकडा पुन्हां पुन्हां विचारीत राहतो. या साध्या वागणुकींत संगणकाला आज्ञा लिहिण्याची जवळजवळ सारी विद्या सांठविलेली आहे, असें म्हटलें तर ती अतिशयोक्ति होणार नाहीं.

हल्लीं शाळकरी मुलेंही ही विद्या शिकूं लागलीं आहेत. घरांतील वडील माणसांना मात्र मुलांच्या वहींतील तीं चिन्हें पाहून वाटतें कीं हें कांहीं आपल्या आवांक्यांतलें नव्हे. वस्तुतः तसें नाहीं. संगणक हें अतिशय चपळ, पण त्याहून अधिक शब्दनिष्ठ असें यंत्र आहे. त्याला लिहून दिलेल्या आज्ञांच्या यादीला ‘प्रोग्रॅम’ किंवा ‘आज्ञावली’ म्हणतात. यादींतील आज्ञा वरून खालीं, एकामागून एक, तें पाळतें. मधली एखादी आज्ञा वेडगळ असली तरी तीही तितक्याच निष्ठेनें पाळतें. हा झाला नुसता क्रम. पण नुसत्या क्रमानें संसार चालत नाहीं. लग्नाच्या पंक्तींत वाढप्याला जें सांगतात तें आठवावें : ज्याच्या पानांतली भाजी संपली असेल त्यालाच वाढ, आणि पंक्ति उठेपर्यंत फिरत राहा. यांतील पहिला भाग म्हणजे अट, व दुसरा म्हणजे फेरा. इंग्रजी शिकलेलीं मुलें त्यांना ‘कंडिशन’ व ‘लूप’ म्हणतात.

बोम आणि याकोपीनी या इटालियन विद्वानांनीं १९६६ सालीं असें सिद्ध करून दाखविलें कीं, संगणकाकडून जें जें गणित करवून घेणें शक्य आहे, तें सारें क्रम, अट आणि फेरा या तीन रचनांनीं लिहितां येतें. चौथ्या रचनेची गरज नाहीं. त्यापूर्वीं ‘आतां अमुक ओळीवर उडी मार’ अशी आज्ञा सर्रास वापरीत, आणि उड्यांवर उड्या मारणारी ती आज्ञावली लिहिणारालाही पुढें वाचतां येत नसे. १९६८ सालीं डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें या उड्यांविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केलें. त्यावर बराच वाद माजला, पण हळूहळू जगानें त्याचेंच म्हणणें मानलें. ज्याला पुढें कोणी वाचणार आहे असें लिखाण सरळ असावें, हें त्याचें मत शाळेंतील निबंधालाही लागू आहे. असो.

आतां अटीकडे वळूं. राजाराम बंधाऱ्याची पातळी मिळाल्यावर लोकांना काय सांगावयाचें, तें ठरविणारी आज्ञावली एखाद्या नवशिक्यानें पुढीलप्रमाणें लिहिली, असें समजा. (यंत्राला ‘तूं’ म्हणण्याचा प्रघात आहे, तें रागावत नाहीं.)

जर पातळी ३९ फूट किंवा अधिक असेल, तर ‘इशारा’ म्हण;
नाहींतर, जर पातळी ४३ फूट किंवा अधिक असेल, तर ‘धोका’ म्हण;
नाहींतर, ‘पातळी सामान्य’ म्हण.

वाचतांना यांत कोठेंच खोट दिसत नाहीं. दोन्ही आंकडे बरोबर आहेत, मराठीही शुद्ध आहे. पण पाणी ४५ फुटांवर गेलें असतां हें यंत्र काय म्हणेल ? तें पहिली ओळ वाचतें : ४५ हे ३९ पेक्षां अधिक आहेत काय ? आहेत. तेव्हां तें ‘इशारा’ म्हणतें आणि मोकळें होतें. कारण ‘नाहींतर’ या शब्दाचा अर्थच असा कीं, वरची अट फसली तरच खालीं यावयाचें. ‘धोका’ हा शब्द या आज्ञावलींत लिहिलेला आहे, पण तो उच्चारण्याची पाळी यंत्रावर कधींही येणार नाहीं. ज्या ज्या वेळीं पाणी ४३ च्या वर असेल, त्या त्या वेळीं तें ३९ च्याही वर असणारच. ऐकणारानें मनांतल्या मनांत दोन ओळींची अदलाबदल करून पाहावी : आधीं ४३ ची विचारणा, मग ३९ ची. झालें; यंत्र शहाणें झालें ! मोठी व कडक अट आधीं, सैल अट नंतर, हा क्रम नवशिक्यानें पहिल्या आठवड्यांतच अंगीं बाणवून घ्यावा. पायथॉन नांवाची जी भाषा आज पुष्कळ ठिकाणीं प्रथम शिकवितात, तींत या तीन ओळींच्या आरंभीं अनुक्रमें ‘इफ’, ‘एलिफ’ आणि ‘एल्स’ हे शब्द येतात; आणि अटीच्या पोटांतील आज्ञा समासापासून थोडी आंत सरकवून लिहावी लागते. ती आंत सरकविली नाहीं तर कोणती आज्ञा कोणत्या अटीच्या पोटांत आहे, तें यंत्राला कळत नाहीं.

‘किंवा अधिक’ या दोन शब्दांकडेही दुर्लक्ष करूं नये. नवशिके अनेकदां नुसतें ‘अधिक’ लिहितात. मग पाणी बरोबर ४३ फुटांना टेकलें असतां यंत्र ‘धोका’ म्हणत नाहीं. आणखी एक इंच चढण्याची वाट पाहतें. बोलण्यांत आपण ‘त्रेचाळीसच्या वर’ असें ढोबळपणें म्हणतों व ऐकणारा तें समजून घेतो. यंत्र समजून घेत नाहीं.

इंचाचा विषय निघालाच आहे, तेव्हां एक गोष्ट येथेंच सांगावयास हवी, कारण ती पुस्तकांतून सहसा सांपडत नाहीं. पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत सांगतात. बेचाळीस फूट नऊ इंच हा आंकडा घाईनें कोणी ४२.९ असा लिहिला, आणि पुढच्या तासाला बेचाळीस फूट अकरा इंच झाले ते ४२.११ असे लिहिले, तर काय होईल ? यंत्र टिंबापुढचे आंकडे दशांश म्हणून वाचतें, आणि दशांशांत ४२.११ हे ४२.९ पेक्षां लहान आहेत. नदी दोन इंच चढली; यंत्राच्या लेखीं मात्र ती उतरली ! फुटाचे इंच बारा असतात, दहा नव्हेत, हें त्याला कोणी सांगितलेंच नाहीं. यावर उपाय सोपा आहे. सारी मोजणी इंचांतच करावी : ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६ इंच. मग नऊ इंचांचे झाले ५१३ आणि अकरा इंचांचे ५१५, आणि कोठें घोटाळा उरत नाहीं. अट कितीही बिनचूक लिहिली तरी तिच्या हातीं दिलेला आंकडाच वेडावांकडा असेल, तर तिचा कांहीं उपयोग नाहीं.

अट ही वस्तु संगणकाबरोबर जन्माला आली असें मात्र कोणी समजूं नये. कोल्हापुराहून भोगावतीच्या कांठानें वर गेलें असतां राधानगरीचें धरण लागतें. छत्रपति शाहू महाराजांनीं त्याचें काम सुरू करविलें. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि ते उघडल्याची बातमी दर पावसाळ्यांत कोल्हापूरकर कान टवकारून ऐकतात. जलाशय भरून पाणी ठराविक उंचीला पोंचलें कीं पाण्याच्याच भारानें दरवाजा उघडतो. पाणी उतरलें कीं तो आपला आपण मिटतो. असे दरवाजे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं १९०३ च्या सुमारास पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर बसविले होते. ‘जर पाणी इतकें चढलें, तर दरवाजा उघड’ ही अट तेथें कागदावर नव्हे, तर लोखंडांत आणि वजनांच्या तोलांत लिहिलेली आहे.

पण धरणाचा दरवाजा आणि कागदावरचा ‘जर’ यांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानांत आला म्हणजे फेऱ्याची आवश्यकता आपोआप पटते. दरवाजावर पाण्याचा भार अहोरात्र असतो. त्याची अट क्षणोक्षणीं तपासली जात असते. प्रोग्रॅममधील ‘जर’ मात्र एकदांच विचारतो. सकाळीं सहा वाजतां त्यानें विचारलें, ‘पातळी सामान्य’ असें उत्तर दिलें, कीं त्याचें काम संपलें. दुपारीं नदीनें रस्ता गिळला तरी तो पुन्हां डोळे उघडणार नाहीं. त्याला पुन्हां पुन्हां विचारावयास लावणें, हेंच फेऱ्याचें काम. नवशिक्या मंडळींचा फेरा बहुधा असा असतो :

पातळी मोज;
जोंपर्यंत पातळी ४६८ इंच किंवा अधिक आहे, तोंपर्यंत :
    पातळी जाहीर कर;
    एक तास थांब.

‘जोंपर्यंत’ला पायथॉन ‘व्हाइल’ म्हणतें. आंत सरकविलेल्या दोन आज्ञा झाल्या कीं यंत्र पुन्हां ‘जोंपर्यंत’च्या ओळीशीं परत येतें, अट तपासतें, आणि ती खरी असली तर पुन्हां आंत शिरतें. आतां नीट पाहावें. पातळी मोजण्याची आज्ञा फेऱ्याच्या बाहेर आहे. म्हणजे ती एकदांच पाळली गेली. समजा, त्या वेळीं पाणी ४७० इंच होतें. यंत्र ४७० जाहीर करील, तासभर थांबेल, पुन्हां ४७० जाहीर करील, आणि नदी ५५ फुटांवर गेली तरी मोठ्या इमानानें ४७० च जाहीर करीत राहील. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची रेषा ओलांडली होती. तसल्या रात्रीं शिळा आंकडा ताजा म्हणून सांगणारें यंत्र हें मुकाट बंद पडलेल्या यंत्राहून अधिक घातक. कारण बंद यंत्रावर कोणी विसंबत नाहीं. दुरुस्ति एका ओळीची आहे : ‘एक तास थांब’ याच्या खालीं, फेऱ्याच्या आंतच, ‘पातळी पुन्हां मोज’ असें लिहावें. ज्या गोष्टीवर अट अवलंबून आहे, ती गोष्ट फेऱ्याच्या पोटांत कोठें तरी बदलली पाहिजे. न बदलली तर फेरा संपत नाहीं, आणि मुलें घाबरून वडिलांना हांका मारतात कीं यंत्र अडकलें. यंत्र अडकलेलें नसतें. तें सांगितलें तसेंच करीत असतें.

फेरा केव्हां तरी थांबेलच, अशी खात्री कशावरून बाळगावी ? याचा उत्तम धडा शाळेच्या जुन्या गणितांत आहे. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक भागाकारानें काढावयाची रीति पुष्कळांनीं लहानपणीं घोटलेली असते. ३९१ आणि २९९ घ्या. ३९१ ला २९९ नें भागलें, बाकी ९२. मग २९९ ला ९२ नें भागलें, बाकी २३. मग ९२ ला २३ नें भागलें, बाकी शून्य. थांबा, उत्तर २३. ‘जोंपर्यंत बाकी शून्य नाहीं, तोंपर्यंत भागीत जा’ हा निव्वळ व्हाइल-फेरा आहे, आणि तो युक्लिडाच्या काळापासून चालत आलेला आहे. आपल्याकडील आर्यभटाच्या व भास्कराचार्यांच्या कुट्टक गणिताचा पायाही हाच परस्पर-भागाकार. हा फेरा थांबणारच, हें नक्की कसें ? तर प्रत्येक वेळीं बाकी भाजकाहून लहान येते, म्हणजे ती सारखी घटत जाते. आणि घटतां घटतां शून्याच्या खालीं जाण्यास तिला वाव नाहीं. प्रत्येक फेऱ्याविषयीं लिहिणारानें स्वतःला हाच प्रश्न विचारावा कीं येथें घटतें आहे काय ?

कांहीं फेरे मात्र न थांबण्यासाठींच असतात. वर दुरुस्त केलेला फेराही पाणी ४६८ च्या खालीं उतरतांच कायमचा संपतो, आणि चार दिवसांनीं नदी पुन्हां चढली तर पाहावयाला कोणी नाहीं. पहारेकऱ्याचा फेरा पुरासाठीं नव्हे, तर सबंध पावसाळ्यासाठीं असावा लागतो. त्याच्या पोटांत मग वर सांगितलेली ‘धोका, इशारा, सामान्य’ ही अट ठेवावी. फेऱ्याच्या पोटांत अट, हीच या विद्येंतील सर्वांत अधिक लागणारी जोडी.

ज्या फेऱ्याची संख्या आधींच ठाऊक असते, त्याची जात निराळी. त्याला ‘फॉर’ म्हणतात. राधानगरीच्या उघड्या स्वयंचलित दरवाजांतून किती पाणी बाहेर पडत आहे, तें काढावयाचें आहे. एका दरवाजांतून १४२८ घनफूट पाणी दर सेकंदाला सुटतें असा बातम्यांतील नेहमींचा आंकडा आहे. आज्ञावली अशी :

बेरीज शून्य धर;
दरवाजा क्रमांक १ पासून ७ पर्यंत प्रत्येकासाठीं :
    जर तो दरवाजा उघडा असेल, तर बेरजेंत १४२८ मिळव;
बेरीज सांग.

चार दरवाजे उघडे असले तर ५७१२, सातही उघडे असले तर ९९९६. येथें दोन खड्डे आहेत. पायथॉनमध्यें ‘रेंज’ या शब्दापुढें १ आणि ७ लिहिले, तर यंत्र १ पासून ६ पर्यंतच मोजतें. शेवटचा आंकडा तें धरीत नाहीं. सातवा दरवाजा हिशेबांतून गळतो, आणि तो बंद असेल त्या दिवशीं उत्तर बरोबर येत असल्यामुळें चूक कित्येक दिवस झांकून राहते. तेथें १ आणि ८ लिहावें लागतें. दुसरा खड्डा असा कीं, ‘बेरीज शून्य धर’ ही ओळ चुकून फेऱ्याच्या आंत सरकली, तर प्रत्येक दरवाजापाशीं पाटी पुसली जाते व शेवटीं एकट्या सातव्या दरवाजाचा हिशेब उरतो. चार दरवाजे धो धो वाहत आहेत, सातवा मिटलेला आहे, आणि यंत्र म्हणतें शून्य !

शून्यावरून ‘नाहींतर’ या शब्दाकडे पुन्हां यावें लागतें. सबंध आज्ञावलींत हा शब्द सर्वांत निरुपद्रवी दिसतो, आणि वास्तविक त्याच्यावरच सर्वांत कडक नजर ठेवावयास हवी. आपल्या आज्ञावलींत ‘नाहींतर’ म्हणजे ‘पातळी सामान्य’. पण त्या शब्दाच्या पोटांत नुसतें कमी पाणी येत नाहीं. ज्याचा आपण विचार केला नाहीं तें सारें येतें. मोजणीचें यंत्र पुरांत बुडालें आणि त्यानें शून्य पाठविलें, तर तें ५१६ हून कमी, ४६८ हूनही कमी, तेव्हां ‘सामान्य’ ! म्हणजे नदी जितकी भयंकर, तितकें यंत्र निर्धास्त. ज्याला नदीकांठच्या घरांसाठीं असली आज्ञावली लिहावयाची आहे, त्यानें सर्वांत पहिली अट ही लिहावी : ‘जर पातळी मिळालीच नसेल, किंवा शून्य आली असेल, तर पातळी समजली नाहीं असें म्हण, आणि माणसाला बोलाव.’ त्यानंतर ५१६, त्यानंतर ४६८, आणि मगच ‘नाहींतर’. येथील ‘किंवा’च्या जागीं ‘आणि’ पडला, तर दोन्ही गोष्टी एकदम घडल्याशिवाय अट लागू होणार नाहीं, म्हणजे ती कधींच लागू होणार नाहीं.

आणखी एक अडचण प्रत्यक्ष पाण्यापाशीं बसल्याशिवाय सुचत नाहीं. पाणी ३९ फुटांच्या रेषेवरच एक इंच खालीं-वर करीत राहिलें, तर यंत्र एका तासाला ‘इशारा’, दुसऱ्या तासाला ‘सामान्य’, तिसऱ्याला पुन्हां ‘इशारा’ असें बडबडत राहील. आणि अशा बडबडीकडे लोक लक्ष देईनासे होतात. घराच्या गच्चीवरील टांकींत ज्यांनीं तरंगत्या गोळ्याची कळ बसविली आहे, त्यांना तोड ठाऊक आहे. ती कळ टांकी खालीं गेल्यावर पंप सुरू करते, पण तो बंद करते टांकी वर भरल्यावर. सुरू करण्याची रेषा आणि बंद करण्याची रेषा निरनिराळ्या. त्याचप्रमाणें चढतांना ४६८ ला इशारा द्यावा, आणि तो मागें घेण्यासाठीं पाणी आणखी, उदाहरणार्थ फूटभर, उतरण्याची वाट पाहावी. यासाठीं ‘इशारा दिलेला आहे काय’ हेंही यंत्राच्या ध्यानांत ठेवावें लागतें, म्हणजे त्यासाठीं आणखी एक नांव व एक अट. दोन रेषांत अंतर किती ठेवावें, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें नदी पाहिलेल्या माणसांना विचारावें.

खर्डा लिहून झाला कीं तो संगणकावर चढविण्यापूर्वीं मुलानें कागद-पेन्सिल घेऊन स्वतःच यंत्र व्हावें, आणि घरांतील कोणी तरी एकेक चिठ्ठी त्याच्या हातीं द्यावी. पहिल्या चिठ्ठीवर ४६७, दुसरीवर ४६८, मग ५१५, मग ५१६. रेषेच्या अलीकडचा आंकडा आणि रेषेवरचा आंकडा, अशा जोड्या मुद्दाम घ्यावयाच्या. चुका बहुधा तेथेंच दडलेल्या असतात. नंतर ६६० द्यावा, म्हणजे ५५ फूट. तेवढें पाणी या शहरानें पाहिलेलें आहे. मुलानें बोट ठेवून एकेक ओळ वाचावी, आणि अट खरी असेल तरच आंत शिरावें. उत्तर आधींच ठाऊक आहे म्हणून ओळी गाळूं नयेत. शेवटची चिठ्ठी कोरी द्यावी. तिला उत्तर म्हणून मुलाच्या तोंडून ‘सामान्य’ असें निघालें, तर खर्डा पुन्हां पहिल्या ओळीपासून वाचावयास घ्यावा.